लायलची घरी भरलेली काडतुसे

विस्कॉन्सिनमध्ये हरणांच्या शिकारीचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. खाटकाच्या दुकानाबाहेर रांगेत तिष्ठत असलेल्या ॲगाथाबाईंच्या कानी पुढील दोघा वृद्ध मित्रांचा संवाद अनायासे पडू लागला. शेजारीच उभ्या असलेल्या एकाच्या गाडीत मेलेले हरीण पडले होते.

"लायल, मारलंस की रे हरीण शेवटी."

"मारावंच लागलं, ऑर्विन. यंदा हरणाचं मटण आणलं नाहीस, तर ते काडतुसं भरायचं यंत्र तळघरातून बाहेर फेकते, म्हणाली आमची अर्लीन."

"बंदूक स्वस्तातली, पण काडतुसं मात्र घरची, नाही का?"

"दारूचा कण न् कण तोलून भरलाय. तीन गोळ्या निशाणाच्या कागदाच्या एकाच भोकातून जातात."

"पण लेका, या हरणाला एकसुद्धा भोक नाही."

"नीट बघ."

"बघितलं. तुझ्या गाडीचा दिवा तेवढा फुटलाय."

"हळू बोल जरा."

"गोळी झाडलीस तरी का?"

"झाडणार कशी? काडतुसांचा डबा मांडीवर होता."

"गाडी चालवताना?"

"उन्हात काय चमकत होती रे. बघतच राहिलो, तेवढ्यात हे आडवं आलं."

ॲगाथाबाईंनी हातरुमाल मुखाशी धरला.

"आता अर्लीनला काय सांगशील?"

"खरं तेच. ही काडतुसं नसती, तर हे हरीण मिळालंच नसतं."