चेहऱ्यापाशी अडणारं चित्र

बाबा : रॅम नको आता. दुप्पट करून झाली. ग्राफिक्स कार्डच घ्यायचं, आणि चांगलं मोठं.

लेक : बाबा, आधी म्हणालात मॉनिटर. मग म्हणालात, दोष जुन्या हार्ड डिस्कचा. मी एसएसडी आणून बसवली. आता एडिटिंग भराभर होतं ना?

बाबा : होतं गं. पण चित्राचं काय? तुझ्या आईचा चेहरा आला की नेमका तिथेच पुसट होतो. मागची खिडकी स्वच्छ, पडदे स्वच्छ, आणि मधे नुसता डाग. कार्डाला झेपत नाहीये, दुसरं काय.

लेक : कुठल्या क्लिपमध्ये?

बाबा : सगळ्याच. जन्मभर लोकांची लग्नं शूट केली, कापली. रुसलेले जावईसुद्धा हसरे करून दाखवले. आणि ती जाऊन वर्ष झालं, तरी स्वतःच्या बायकोची एवढीशी फिल्म होईना. मला ती एकदा पुरती बघायचीय गं.

लेक : सरका, मी लावते.

(ती क्लिप सुरू करते.)

लेक : बाबा, हे तर नीट चाललंय. चेहरा अगदी स्पष्ट आहे.

बाबा : तुला काय कळतंय त्यातलं? दुकानदाराला फोन लाव. कार्ड उद्याच पाहिजे म्हणावं.

लेक : माझ्याकडे बघा. मी दिसते?

बाबा : हा काय प्रश्न झाला?

लेक : सांगा ना.

बाबा : केस दिसतात. कानातलं दिसतंय.

लेक : आणि डोळे?

बाबा : तिरकं बघितलं की जरा दिसतात. समोर बघितलं की गेले.

लेक : कधीपासून हे? आणि मला सांगितलं नाहीत?

बाबा : यंत्राचा भाग बदलता येतो गं. म्हणून सगळं त्याच्या माथी मारत राहिलो.

लेक : उद्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. नाही म्हणायचं नाही.

बाबा : जाऊ. पण त्यांनी हात टेकले तर? मला भीती वाटते. हल्ली डोळे मिटून तिला आठवायला गेलो, तरी तो डागच येतो समोर. फोटो घेऊन काय करू मी? कुठे बघू तिला?

लेक : रडू नका ना. खुर्ची जवळ घ्या. मी कापते, तुम्ही सांगा.

बाबा : न बघता काय सांगू?

लेक : मी बोलत जाते. आई टेबलाशी बसलीय. पदराने चष्मा पुसतेय. तुम्हाला म्हणतेय, पुरे झालं तुमचं शूटिंग. आता मान खाली घातली. इथे कापू?

बाबा : थांब. हसली का?

लेक : हसली.

बाबा : मग कापू नकोस. चालू दे.