दात न बघता शिजवलेलं मटण

माझं माहेर माणदेशातलं, धनगराचं घर, बाप मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचा, मी तिसरीपतुर शिकले आन मग साळा सुटली ती सुटलीच. लग्नानंतर दोन सालं पाऊस न्हाई, तवा नवऱ्यासंगं रस्त्याच्या कामाला हिकडं मुळशीत आले. काय सांगू तुमास्नी, आमच्याकडं नजर जाईल तितं माळ, आन हितं डोंगार अंगावर आल्यागत, वळखीचं कुनी न्हाई, सदा धाकधूक. पहिल्या खेपेला खडी फोडतानाच पोटातलं गेलं. दुसऱ्यांदा पाचवा म्हैना लागला आन मुकादम म्हणाला, ए माणदेशे, सैपाकाची बाई गेली, तुला मटण जमतंय का. व्हय म्हणाले. धनगराच्या लेकीनं न्हाई कसं म्हणायचं. मनात एकच, हातातला हातोडा सुटला तर हे लेकरू ऱ्हाईल.

आठवड्यात रस्त्याखालच्या मोरीचं काम पुरं झालं, कामावरच्या मोठ्या सायबानं सगळ्यास्नी जेवण घातलं. पौडच्या खाटकाकडनं मटण आलं, मुंडी न्हाई, नुसतं फिकट गुलाबी तुकडं. मी आपलं माहेरच्या सवयीनं दिस उगवतानाच हळद-मीठ लावून पातेलं चढवलं आन वाटणाला बसले. दुपारी पळी घातली तर वर आलं नुसतं हाडूक, धुतल्यावानी. मटण रश्शात इरघळून गेलेलं.

गावातली हिराबाई आमच्या कॅम्पावर आंबेमोहर तांदूळ घालायला यायची, ती जवळच होती. बोट बुडवून चाखलं आन म्हणाली, अगं पोरी, हे कोकरू, वरसाच्या आतलं, घटका-दोन घटकात शिजतंय, तू अर्धा दिस उकळलंस व्हय. आता बघा, मी मेंढरांत वाढलेली, पन कोकराचं मटण जन्मात खाल्लं नव्हतं. आमच्या घरी कोकरू कापत न्हाईत, कोकरू म्हंजी उद्याचा कळप. वेत बंद झालेली म्हातारी मेंढी तेवढी कापायची, तिचं मटण लालभडक, चरबीला उग्र वास, जाळ घालून घालून सरपण सरायचं तवा कुटं तुकडा तुटायचा. माझ्या लेखी मटण म्हंजी तेच.

हिराबाईनं हाडं येचून काढली, रस्सा भातावर वाढला. पंगतीत एक गडी म्हणाला, सायबानं चावायचं कष्टबी वाचवलं, आन सगळी हसली. मुकादम हसला न्हाई. उद्यापासनं खडीवर, म्हणाला. मी रडले न्हाई, खरं ते सांगितलं, सायेब, मुंडी आली असती तर दात बघितलं असतं, दातावरनं वय कळतंय, मग चुकले नसते. हिराबाई मधीच म्हणाली, आरं मुकादमा, पोटुशी हाय ती, येक डाव बघ की. सायबानं मान डोलवली, म्हणाला, पुढच्या बाजाराला तिलाच खाटकाकडं धाडा.

बाजारापतुर ते आठ दिस मी खडी फोडली, येक हात हातोड्यावर, येक पोटावर.

बाजाराच्या दिशी खाटकाकडं गेले. येका मेंढराचा खालचा ओठ अंगठ्यानं वडला, समदे बारीक दुधाचे दात, हे कोकरू. दुसऱ्याचे पुढचे चार रुंद, म्हंजी दोन वरसाच्या आसपासचं. खाटीक म्हणाला, बाई, तुमी घ्यायला आलाय का सोयरीक जमवायला. मी चार दाती घेतलं, ज्याला माझा हात वळखतो ते. सकाळी चढवलं, मदून मदून तुकडा दाबून बघितला, दुपारी मटण हाड धरून हुतं आन दातानं सुटत हुतं. मुकादमानं दोनदा रस्सा मागितला, जाताना शिध्याच्या पेटीची किल्ली तेवढी माझ्या म्होरं ठिवली.

त्या पोटातली ही सुंद्रा. आता हितल्याच नांदे गावात खानावळ चालवती, लांबलांबनं कामाला आलेली पोरं जेवाय येत्यात, माझ्यावानीच घर सोडलेली. हिराबाई गेली, पन दर दिवाळीला तिच्या घरी माझा फराळाचा डबा जातो, तिच्या येका शब्दानं माझ्या लेकीचा जीव वाचला. अजूनबी सुंद्रा पातेलं चढवती आन आतनं हाक मारती, आये, किती येळ शिजवू गं. मी हितनंच इचारते, दात बघितलंस का आधी. ती म्हणती, बघितलं गं, दूधदाती हाय. मग लवकर उतरव बाई, म्हणते, आन पोरास्नी पोटभर वाढ, देव तुझा हात सढळ ठिवो.