एकाच तोंडवळ्याचे दोन मामा

—तिथंच थांब! फाटकाच्या आत पाऊल टाकलंस तर सातवा महिना चाललाय तुझा तेपण बघणार न्हाय, चप्पल फेकून मारीन — न्हाय, चप्पलपण नको, ती माझ्या पायातली हाय. त्या माडाखाली दगड हाय ना, त्यावर बूड टेक नि तिथनंच ऐक. काय म्हणतेय तुझी सासू? आयोडीन तर मिठातपण असतं, रोज खातो आपण, मग आईच्या गोळीला एवढं काय घाबरायचं, उद्या ओटी भरायला तिला घेऊनच ये — असंच ना? अगं जागृती, तुझ्या सासूला सांग, माझा बाप मिठागरात उभा राहून म्हातारा झाला, मला मीठ शिकवू नका.

पण खरं सांगते, आधी मलापण तेच वाटलं. आयोडीन ते आयोडीन! हॉस्पिटलात मृणाली म्हणून पोरगी हाय, गोळी देणारी — देणारी कसली, शिशाच्या डबीतनं चिमट्यानं काढून माझ्या हातावर टाकली नि पळाली दाराआड, जशी काय मी वाघीण — तिला विचारलं, बाय, आयोडीनच देतेस तर एवढी पळतेस कशाला? तर दाराआडनं म्हणते, मावशी, नाव ज्याच्यावरनं ठरतं ते आतले कण दोघांत सारखेच, म्हणून दोघं आयोडीनच. पण दुसरे कण असतात, नुसते वजनाचे, न्यूट्रॉन म्हणतात, ते मिठातल्यापेक्षा ह्या गोळीतल्यात चार जास्त. चार! मी म्हटलं, चारानं काय होतंय? तर म्हणाली, त्या चारापायीच त्याला स्वस्थ बसवत न्हाय.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. तुझे जुळे मामा! जीवन नि अनंता — तेच नाक, तीच चाल, आवाजसुद्धा एकच. फरक काय, तर अनंताच्या पोटात चार घोट जास्त. नि ते चार घोट काय करतात, ते तुझ्या मामीच्या पोचे पडलेल्या टोपांना विचार. आमच्या आईला शेवटी दिसत नव्हतं. दारावर हाक आली की ती तोंड चाचपायची, पोरगा आपलाच हाय म्हणायची नि घ्यायची आत. जीवन आला तर जेवून झोपला. अनंता आला तर घरात भांडी उडाली.

डॉक्टरनं तेच केलं बघ माझ्या गळ्याशी. आधी घर उपाशी ठेवलं — आयोडीनचं मीठ बंद, मासळी बंद. मला मासळी बंद! शेजारी जिताडा शिजायचा नि मी इथं दुधी गिळायची, त्या दुधीची सात पिढ्यांची आई काढली मी. गळा असा भुकेला झाला, की मग सोडला अनंताला आत. गळ्याला काय कळतंय कुठला मामा हाय तो? आयोडीन दिसलं, घेतलं पोटाशी. नि ह्यानं आत शिरून केली फेकाफेक सुरू, म्हणजे गळ्याच्या ऑपरेशनातनं ज्या काय चार कॅन्सरच्या पेशी उरल्या असतील त्या—

काय? काय न्हाय. गाठीच्या म्हटलं मी. गाठीच्या पेशी. ऊन लागलंय तुला, कान वाजतात... उठू नकोस! जागे, बस म्हणते ना खाली!

बरं, व्हय. कॅन्सर. झालं समाधान? तुझ्या बापाला दम दिला होता मी, पोरीपुढं तोंड उघडलंस तर तुला दुधी खायला घालीन म्हणून. त्यानं बिचाऱ्यानं पाळलं, नि मीच बरळले. सातव्यात पोरीला कोण सांगतं असलं? डॉक्टर म्हणतो, बहुतेक सगळा जाईल. बहुतेक हा शब्द त्याचा, माझा न्हाय. मी म्हणते जाणार. बाप तुझा काकाकडं झोपतोय, लग्नानंतर पहिल्यांदा डॉक्टरनं मला नवऱ्यापासनं सुट्टी लिहून दिली, ऐसपैस पाय पसरून झोपते मी.

पण ओटी भरायला येणार न्हाय. फेकून फेकून तो दमतो म्हणे, शेवटी आयोडीनच उरत न्हाय, दुसरंच काहीतरी होतं त्याचं. पण आठवड्यात निम्माच दमतो, मग उरल्यातला निम्मा. तोवर माझ्या अंगातनं भांडी उडतायत बाय, तुला दिसत न्हाईत एवढंच. नि तुझ्या पोटातल्याचा गळा आता कामाला लागलाय, त्याला मामा ओळखायला कोण शिकवणार? ओटी सासूला भरू दे. लोक म्हणतील कसली ही आई, म्हणू दे, त्यांच्या तोंडाला मी आहेच बरी झाल्यावर.

डब्यात काय हाय? जिताडा? रांडे, मुद्दाम आणलास! अजून चालत न्हाय मला. बापाला दे जाता जाता.

आता रडतेस कशाला? रडू नको. रडायचं तर सासरी जाऊन रड, इथं न्हाय — इथनं माझा हात पोचत न्हाय तुझ्या डोळ्यांपर्यंत.

ऊठ. निघ. नि फाटकाची कडी बाहेरनं लाव.