दाबून ठेवलेली तारीख

माझं माहेर चाकणकडचं, शेतकरी घर, सासर दिघीत, अन् आता वीस वर्सं चाकणच्याच एका कंपनीच्या कँटीनला पोळ्या लाटते, म्हंजे फिरून तिथंच. काय सांगू तुमाला, माझे वडील, आमी अण्णा म्हणायचो, स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं गेले. कळलं तवा दोनच महिने हातात व्हते. मग चुलताही त्याच दुखण्यानं गेला. डॉक्टर म्हणले, एका घरात दोघं, तर आता लेकरांनी काही व्हत नसतानाच दरसाल तपासून घ्यायचं, दुखायला लागल्यावर उशीर झालेला असतो. आईनं लगेच बापूला नेलं, माज्या धाकट्या भावाला. म्या म्हणलं, अन् मी? तर म्हणती, तुजं लग्न झालं, कूळ बदललं, तुला कुठला अण्णांचा आजार!

हसू नका. जमीन त्याची, घर त्याचं, अण्णांचं नाक बी त्यालाच, अन् आता दुखण्यातसुद्धा मला वाटा न्हाई. जळले मी. लई जळले.

बापूच्या कंपनीत फोन आत नेऊ देत न्हाईत, म्हणून दवाखान्यात नंबर माझा दिलेला. दुसऱ्या वर्साची तारीख श्रावणात माज्या फोनवर आली. म्या सांगितलीच न्हाई. आज सांगू, उद्या सांगू, न्हाई. भाऊबीजेला बापू पाटावर बसला, माज्या हातात ओवाळायचं ताट, अन् इचारतो, आक्के, तपासणीची तारीख आली न्हाई का गं अजून? म्या म्हणलं, न्हाई बाबा. अन् त्याच तोंडानं औक्षवंत हो म्हणलं.

दुसऱ्या दिशी कामावर एक पोळी धड लाटंना. तशीच उठून त्याच्याकडं गेले, म्हणलं, आली व्हती रे, इसरले. तो हसला, म्हातारी झालीस आक्के.

तपासलं तर गाठ निघाली, बारकी, काढता आली. डॉक्टर म्हणले, वेळेत आलात. मधल्या तीन महिन्यांचं कुणी इचारलं न्हाई. उलट बापू गावभर सांगतो, आक्कामुळं वाचलो.

त्यानंच डॉक्टरांना म्हणलं, हिचं बी बघा. डॉक्टर आईला म्हणले, मावशी, लग्नानं रक्त बदलत न्हाई. सोमवारी माझी पहिली तपासणी. टाके ओढतात तरी बापूच नेणार म्हणतो. अन् खरं सांगू, आई त्याच्या उशाशी बसलेली दिसली की अजून बी आत चरचरतं.

तुमी लिवा हे सगळं, अन् त्याला वाचून दावा, मला तोंडानं जमायचं न्हाई. मग त्यानं सोमवारी नेलं तर नेलं, न्हाईतर मी बसनं जाईन. त्याला औक्ष मिळू दे. ह्या वेळंला खरं म्हणते.