उतारावर दाबलेला ब्रेक

जबाब देणार: मयत चालक महिलेचे वडील. वय ६८ वर्षे. धंदा: निवृत्त भूगोल शिक्षक. राहणार: चढावरच्या गल्लीतले शेवटचे घर, पत्नीसह.

मी कोणी न बोलावता ठाण्यात हजर राहून समक्ष सांगतो की,

आज सकाळी मोटार वाहन निरीक्षकांनी मला ठाण्याच्या आवारात आमच्या गाडीपाशी नेऊन सांगितले की, गाडीच्या ब्रेकमध्ये कोणताही दोष नाही. पुढच्या दोन्ही चाकांच्या डिस्क आणि पॅड नवे आहेत, नीट बसवलेले आहेत, बोल्ट पक्के आहेत, तेल कुठेही गळत नाही. पेडल त्यांनी माझ्यासमोर पायाने दाबले. ते थोडेसे खाली जाऊन घट्ट लागते. त्यावरून चालकाने वेळेवर ब्रेक दाबला नाही, सबब अपघात चालकाच्याच निष्काळजीपणामुळे झाला, असा अहवाल ते देणार आहेत. चालक म्हणजे माझी मुलगी. वय ३६ वर्षे, दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी. रविवारी संध्याकाळी ती वारली.

निरीक्षकांनी पाहिले ते बरोबर आहे. त्यावरून काढलेला अर्थ बरोबर नाही. तेवढे सांगण्यासाठी आलो आहे.

डिस्क आणि पॅड मी बसवले. गाडीची कामे मी पहिल्यापासून घरीच करतो. मुलीला ते पसंत नव्हते. भूगोलाच्या मास्तरांनी गाड्या दुरुस्त करायच्या तर गॅरेजवाल्यांनी नकाशे काढायचे का, असे ती मला म्हणायची. ती लहानपणापासून सगळ्यांना शिस्त लावत असे म्हणून मी तिला घरात मोठ्या बाई म्हणत असे. गाडी माझ्या नावावर असली तरी गेले वर्षभर तीच वापरत होती. मागच्या आठवड्यात फोनवर तिने सांगितले की ब्रेक दाबला की पुढून खरखर आवाज येतो. मी म्हटले, गॅरेजवाल्याला घाई असते, मला नाही. रविवारी गाडी घेऊन ये.

ती रविवारी सकाळी आली. मी अंगणात गाडी जॅकवर घेतली, चाके काढली. पॅड झिजून लोखंडाला लोखंड लागले होते आणि डिस्कवर खोल चरे पडले होते. डिस्क म्हणजे चाकामागची तबकडी, पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात तेव्हा गाडी थांबते. मी नव्या डिस्क पुसून बसवल्या. नवे पॅड जाड असतात. ते आत मावावेत म्हणून पॅडला ढकलणारा पिस्टन क्लॅम्पने आवळून मागे सारावा लागतो. त्यामुळे काम संपल्यावर मध्ये मोकळी जागा राहते. गाडी जागेवर उभी असतानाच पेडल पुन्हापुन्हा दाबून ती जागा भरून काढायची असते. पहिल्यांदा पेडल तळाला टेकते, मग दरवेळी थोडे वर येत घट्ट होते. ते घट्ट होईपर्यंत गाडीला ब्रेक नसतो. हे मला चांगले माहीत आहे.

आमच्या घरात पेडल दाबण्याचे काम पत्नीचे असते. लग्न झाल्यापासून आमची वाटणी तशीच आहे. मी चाकापाशी, ती आत, आणि मुलगी मोठी झाल्यावर तिच्या हातात उजेडासाठी बॅटरी. पत्नीचे आयुष्य शिलाई मशीनवर गेले. तिच्या पायाला जे कळते ते माझ्या हाताला कळत नाही, असे मी म्हणत असे आणि ते खरे होते. ती चप्पल काढून अनवाणी बसायची. पेडल घट्ट झाले की खिडकीतून डोके बाहेर काढून सांगायची, "अहो, लागला." मग गाडी बाहेर निघायची. तिने सांगितल्यानंतर मी कधी पुन्हा दाबून पाहिले नाही आणि कधी पाहावे लागले नाही.

गेली दोन वर्षे पत्नी विसरते. सुरुवातीला शब्द, मग माणसे. डॉक्टरांचे कागद सोबत आणले आहेत. ती गॅस चालू ठेवते, नळ उघडा ठेवते. मुलीने मला घालून दिलेला नियम असा की, आईने केलेली प्रत्येक गोष्ट तिच्या पाठोपाठ जाऊन तपासायची, कंटाळा करायचा नाही. मी ते करत होतो. पत्नीच्या ते लक्षात येत असे. बाकी सगळे विसरते, पण हे तिच्या लक्षात येत असे. मागच्या महिन्यात मी तिने लावलेली कडी पुन्हा लावून पाहिली, तेव्हा ती म्हणाली, "मी काय चोर आहे का हो या घरात?" त्यानंतर ती जेवली नाही.

रविवारी मी तिला बोलावले नव्हते. पेडल मीच दाबणार होतो. चाके बसवून, गाडी खाली घेऊन नट आवळत होतो. जॅकचा आवाज ऐकून असेल, ती आपण होऊन बाहेर आली. चप्पल काढून दाराशी नीट जोडून ठेवली आणि चालकाच्या जागेवर बसली. आठवडाभर ती मला भाऊ म्हणून हाक मारत होती. त्या वेळी म्हणाली, "अहो, झालं का तुमचं? मी बसले आहे." मुलगी स्वयंपाकघराच्या दारात कप पुसत उभी होती. तिचे हात थांबले. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मी पत्नीला दाबायला सांगितले.

मी पलीकडच्या चाकाशी बसलेलो होतो. तिचे पाय मला दिसत नव्हते. ती दाबत होती हे खांद्यांवरून कळत होते. थोड्या वेळाने तिने खिडकीतून डोके बाहेर काढले आणि सांगितले, "अहो, लागला." आवाज पूर्वीचाच होता.

त्या वेळी मी उठून पेडल एकदा दाबायला हवे होते. हातातला पाना खाली ठेवून दोन पावले जायचे होते. मी गेलो नाही. पत्नी माझ्याकडे बघत होती.

मुलगी एरवी गाडीत बसल्यावर स्वतः पेडल दाबून बघे. त्या दिवशी पत्नी दार धरून तिथेच उभी होती. मुलगी म्हणाली, "बघायचं काय त्यात, आईने सांगितलंय ना. चक्कर मारून येते." मग मला म्हणाली, "मास्तर, पास झालात." पत्नीने तिला सावकाश जा म्हणून सांगितले. गाडीचे तोंड फाटकाकडेच होते. आमच्या फाटकाबाहेर लगेच उतार सुरू होतो आणि गल्ली खाली थेट हमरस्त्याला मिळते.

मी फाटक लावायला गेलो म्हणून पुढचे पाहिले. उतारावर गाडीचे मागचे लाल दिवे लागले. विझले. पुन्हा लागले, विझले, पुन्हा लागले. ती पेडल पुन्हापुन्हा दाबत होती. गाडी थांबत नव्हती. मग मागची चाके घासल्याचा आवाज आला, म्हणजे तिने हँडब्रेकही ओढला. गल्लीत मागच्या दोन चाकांच्या खुणा आहेत. त्या मोजून घ्याव्यात. पावसाने जातील. गाडीचा वेग कमी झाला होता. आणखी थोडा रस्ता असता तर ती थांबली असती. गाडी हमरस्त्यावर आली आणि डावीकडून आलेल्या सिमेंटच्या ट्रकची धडक बसली. ट्रकवाल्याची काही चूक नाही. त्याने सरळ येताना हॉर्नही वाजवला होता. तो माणूस अंधार पडेपर्यंत रुग्णालयाच्या बाकावर बसून होता. मला पाणी त्यानेच आणून दिले. त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही.

निरीक्षकांना आज पेडल घट्ट लागले ते यामुळे. गाडी माझ्या अंगणातून निघाली तेव्हा ते घट्ट नव्हते. जागेवर उभे राहून करायचे काम माझ्या मुलीने उतारावर, चालत्या गाडीत केले आणि पुरे केले. तिने ब्रेक वेळेवर दाबला. पहिल्यांदा दाबला तोही वेळेवरच होता. सबब तिच्या नावापुढे निष्काळजीपणा लिहू नये. लिहायचाच असेल तर माझ्या नावापुढे लिहावा. ज्याने चाक खोलले त्याची ती जबाबदारी असते.

पत्नीने पेडल खरोखर दाबले होते का, असे मला विचारण्यात आले. याचे उत्तर लिहून घेऊ नये अशी मी विनंती केली. लिहावे लागेल असे सांगण्यात आल्यावरून सांगतो की, सोमवारी दुपारी मी पत्नीला खुर्चीवर बसवून विचारले की काल तू कसे दाबलेस, दाखव. तिने चप्पल काढली आणि डावा पाय दाबून दाखवला. डाव्या पायाखाली ब्रेक नसतो, क्लच असतो. तो पहिल्यापासून घट्टच असतो. तिच्या पायाला जे लागले ते तिने सांगितले. ती खोटे बोललेली नाही. हे शब्द जसेच्या तसे लिहावेत.

माझ्या या सांगण्यावरून निरीक्षक गल्लीतल्या खुणा पाहून पुरवणी अहवाल देतील, असे मला सांगण्यात आले आहे. माझ्यावर गुन्हा दाखल झाल्यास मी हजर राहीन. घरात पत्नीजवळ कोणी नाही, एवढे त्या वेळी लक्षात घ्यावे. आता शेजारच्या वहिनी बसल्या आहेत.

उद्या सकाळी पत्नीचा जबाब घेण्यासाठी एक अधिकारी आणि एक महिला हवालदार घरी येणार आहेत. त्यांना विनंती की साध्या कपड्यांत यावे. ब्रेकबद्दल विचारल्यास पत्नी लागला असेच सांगेल, किंवा कोणती गाडी म्हणून विचारेल. जे सांगेल ते लिहून घ्यावे, उलट विचारू नये. मुलीबद्दल तिला काही माहीत नाही. मी सोमवारी एकदा सांगितले होते. ती तासभर रडली आणि मग तिने मला विचारले की मी का रडते आहे. त्यानंतर पुन्हा सांगितले नाही. ती रोज संध्याकाळी विचारते की मोठ्या बाई कधी येणार. मी रविवारी म्हणतो. ती येणाऱ्यांनाही विचारेल. त्यांनीही रविवारीच म्हणावे.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. मयत चालक लिहिले आहे तिथे माझी मुलगी लिहावे असे मी सुचवले. नमुन्यात तसे बसत नाही असे समजले. बाकी मी सांगितले तसेच उतरले आहे, म्हणून सही करतो. रविवार तीन दिवसांवर आहे. त्या दिवशी पत्नी सकाळपासून फाटकाशी खुर्ची टाकून बसेल.