अक्काचं ग्रीक दुखणं

आता कुणी जरा उदास झालं की लगेच डिप्रेशन म्हणतात. निजामाच्या राज्यात माझ्या अक्काच्या दुखण्याला त्याहून भारी नाव मिळालं होतं, थेट ग्रीसचं.

अक्काचं सासर जुन्या जालन्यात, गोषा कडक. ती खाईना, बोलेना, म्हणून सासूनं हकीमसाहेबांना बोलावलं. त्याच दिवशी तिला परतूरला माहेरी न्यायला मी बाबांबरोबर आल्ते. पडद्याआड मी तिच्याजवळ बसले. अक्कानं पडद्याबाहेर फक्त हात काढला. प्रश्न हकीमसाहेबांचे अन् उत्तरं सासूची.

"नींद बराबर आती?"

"झोपते की ढाराढूर!"

अक्का माझ्याकडं बघून कसंनुसं हसली.

नाडी सोडून हकीमसाहेब म्हणाले, "मालीखोलिया. यूनानी लफ्ज है, बाई. काळं पित्त वाढलं की माणूस आतून अंधारतो. वांगं, मसूर बंद करा, अन् हिला जल्दी माहेरी पाठवा."

"औषध सांगा हकीमसाहेब, पाहुणचार नका सांगू," सासू म्हणाली. "पंचमीला बघू."

बाबा मान खाली घालून मला घेऊन परतले. वांगं मात्र त्याच दिवशी बंद झालं. "आमच्या सुनेला यूनानचा आजार हाय," असं सासू गल्लीभर मिरवून राह्यली होती. पंचमीच्या आधीच अक्का झुरून वारली.

पुढं मी माझी मीच वाचायला शिकले, तेव्हा कळलं की यूनान म्हणजे ग्रीस, अन् तो शब्द खरंच तिथला. एवढे देश ओलांडून तो जालन्यापर्यंत आला. जालन्याहून परतूर रेल्वेनं किती जवळ, पण माझ्या अक्काला ते गाठता आलं न्हाई.