आमच्या ह्यांनी आणलेली टोपली

...नाही नाही, तुम्हीच मला सांगा, ज्या माणसानं अडतीस वर्षांत बायकोसाठी कधी शेंगदाण्याची पुडी आणली नाही, तो माणूस एके दिवशी संध्याकाळी हातभर उंचीची टोपली घेऊन दारात उभा राहिला, तर बाईनं काय समजायचं? आणि टोपली तरी कशी! गुलाबी कागद, वर रिबिनीचं फूल, आत कापसाचं अस्वल, आणि अस्वलाच्या चारी बाजूंनी पेपेरो! त्या चॉकलेटात बुडवलेल्या बिस्किटाच्या लांब लांब काड्या हो, अकरा नोव्हेंबरला पोरंपोरी एकमेकांना देतात त्या! अकरा-अकरा, म्हणजे चार एक, म्हणजे चार काड्या, म्हणून तो दिवस! पण पोरंपोरी देतात! आमचे हे एकसष्टचे आहेत! इथं इक्सानलाच दगडाच्या कारखान्यात मुकादम आहेत! अडतीस वर्षांत नाही हो, कधीच नाही!

मी तिथंच चपलांच्या पायरीवर बसले.

"हे काय?"

"काय म्हणजे? आज तो दिवस नाही का."

"कुणी दिलं?"

"मी आणलं. तुझ्यासाठी."

पहिलं मनात काय आलं? दवाखाना! मागच्याच महिन्यात ह्यांची तपासणी झाली होती, म्हटलं, काहीतरी निघालं आणि हे मला सांगत नाहीयेत. "पोटात काही निघालं का?" "नाही." "कारखान्यातून काढलं?" "नाही गं!" "मग बाई आहे!" "कुठली बाई?" "ते तुम्ही सांगायचं!" तर वाकले, आपले बूट उचलले आणि जोडीनं भिंतीला सरळ लावून ठेवले. बूट! सरळ! अडतीस वर्षांत नाही हो!

मी आधी सोलला लेकीला फोन लावला. म्हटलं, यू-रिम, तुझ्या बाबांनी मला पेपेरो आणलं. तर हळूच म्हणते कशी, "आई... तू बाबांच्या जवळच बस हं. एकटं सोडू नकोस. मी सकाळच्या गाडीनं येऊ का?" बघा! पोटची पोर! तिलाही हेच वाटलं!

तेवढ्यात खालच्या मजल्यावरची ता-मीची आई आली, तिला कुठून वास लागतो देव जाणे. टोपली बघून ती दारातच थबकली. "अगं बाई! खरंच ह्यांनी? स्वतःच्या पायांनी जाऊन?" आमचे हे मान खाली घालून म्हणाले, "दुकानात शाळेतल्या पोरी रांगेत होत्या, त्यांना विचारलं कुठली चांगली. म्हणाल्या, आजोबा, अस्वलाची घ्या." मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "बदामाची तुला आवडते, म्हणून ती जास्त भरायला लावली."

खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. बदामाची आवडते हे ह्यांना ठाऊक होतं? मला वाटायचं, ह्या माणसाला माझ्या चष्म्याचा रंगसुद्धा माहीत नसेल! मग मी एक काडी खाल्ली. मग दुसरी. ता-मीची आई म्हणाली, "फोटो काढ आधी! नणंदांना पाठव! जळू देत!" आणि मी बावळट... पाठवला हो! सासूबाई, चार नणंदा, त्यांचे नवरे, सगळे आहेत त्या ग्रुपवर! वर लिहिलं, 'ह्यांनी आणलं, ह्या वयात! ह्यांच्यासारखा नवरा मिळायला भाग्य लागतं!' आणि पुढं दोन बदाम. खायचे नव्हे, लाल!

मिनिटभरात थोरल्या वन्संचं उत्तर. "वा वहिनी! म्हणजे विचारलंन एकदाचं तुम्हाला! आम्हाला वाटलं हा घाबरतोय. तुम्ही हो म्हणालात, जीव भांड्यात पडला. शनिवारी सकाळी सहाला आम्ही चौघी तुमच्याकडं पोचतो. आईनं कोबी उपटून ठेवलाय. दोनशे गड्डे."

दोनशे!

अहो, गेल्या वर्षी पाच घरांची हिवाळ्याची किमची, ते कोबीचं तिखट लोणचं हो, आमच्या ह्या एवढ्याशा घरात झाली! न्हाणीघराच्या टबात कोबी मिठात, गच्चीत कोबी, पलंगाखाली मुळे! रात्रंदिवस पानापानाला तिखट चोळून माझी कंबर जी धरली, ती तीन आठवडे इंजेक्शनं घेतली तेव्हा कुठं सुटली! आणि ह्यांनी दवाखान्यात माझा हात धरून शपथ घेतली होती, पुढच्या वर्षीपासून किमची विकत आणायची म्हणून! मी सगळ्या इमारतीला सांगून बसलेय!

"खरं का हे?" मी विचारलं. ह्यांनी अस्वलाकडं बघितलं.

"ऐक ना... चुसोकच्या सणाला आई म्हणाली, सूनबाईच्या हातासारखी चव कुणाला येत नाही. माझ्या तोंडून हो निघून गेलं."

"चुसोकला? दोन महिने झाले!"

"रोज सांगणार होतो. कारखान्यात सगळे म्हणाले, आधी गोड द्या, मग सांगा."

"आणि सांगायचं कधी होतं?"

"तुझी टोपली संपली की."

मग मात्र मी फोन हातात घेतला. म्हटलं, झालं ते झालं, कंबर माझी आहे, सरळ फोन लावते आणि वन्संना सांगते की नाही म्हणजे नाही! तर त्याआधी सासूबाईंचाच आवाज आला, ग्रुपवर, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "सूनबाई, माझ्या पोरानं अख्ख्या जन्मात एक काम बरोबर केलं, तुझ्याशी लग्न. शनिवारी मीच येते तिखट घेऊन, तू नुसती बसून सांग." त्र्याऐंशीच्या आहेत हो! बसून सांगायला त्या मला देतील? आणि मी बसेन? खाली नणंदांचे नवरे एकामागून एक टाळ्या वाजवतायत!

तरी मी फोन लावला. तुम्हाला सांगते, लावलाच! वन्संनी उचलला, "बोला वहिनी!" म्हणाल्या, मी नाही म्हणायला तोंड उघडलं... आणि शब्दच फुटेना. तोंडात काडी होती. बदामाची. नववी.